बोटीच्या इंधनाचा काटा आणि टाकीतलं खरं पेट्रोल: गोव्यातल्या हौशी बोटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की बेती, ब्रिटोना, शापोरा, कुटबण इथल्या झाकून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरतात. कोणी गळ टाकायला जातं, कोणी रविवारी घरच्यांना मांडवीत फिरवतं, कोणाकडे छोट्या इंजिनाची शिडाची होडी असते. या सगळ्यांचे इंधनाच्या काट्याबद्दलचे प्रश्न जवळपास तेच असतात. आमचं म्हणणं आधीच सांगतो: काट्याच्या भरवशावर समुद्रात जाऊ नका, लिटरच्या हिशोबावर जा. काटा दुरुस्त जरूर करा, पण तो हिशोब पडताळण्यासाठी.

गाडीचा काटा बरा चालतो. बोटीचाच का फसवतो?

रचना दोन्हीकडे सारखीच असते. टाकीत एक फ्लोट तरंगतो. तो वर-खाली झाला की त्याला जोडलेल्या भागाचा रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) बदलतो आणि त्यानुसार डॅशबोर्डवरचा काटा सरकतो. टाकीतल्या या भागाला सेंडर म्हणतात.

फरक पडतो तो परिस्थितीमुळे. गाडी बहुतेक वेळ सपाट रस्त्यावर असते, बोट मात्र सतत हलते. वेग घेताना बोटीचं नाक उचललं जातं आणि सगळं पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला जातं. सेंडर मागे बसवलेला असेल तर काटा चढतो, पुढे असेल तर पडतो. चार माणसं एका बाजूला बसली तरी काटा हलतो. शिवाय गाडीची टाकी, सेंडर आणि काटा हे तिन्ही एकमेकांसाठी बनवलेले असतात. छोट्या बोटीत टाकी एका कारखान्याची, सेंडर दुसऱ्याचा आणि काटा तिसऱ्याचा असं सर्रास दिसतं.

त्यात आपली खारी हवा. किनाऱ्यावर तांब्याच्या उघड्या तारेवर हिरवा थर चढायला एक हंगाम पुरतो. सेंडरचं सगळं काम रेझिस्टन्स मोजण्यावर चालतं, त्यामुळे गंजलेल्या जोडाने वाढवलेला रेझिस्टन्ससुद्धा काटा पेट्रोलची पातळी म्हणूनच दाखवतो.

काटा अर्ध्यावर आहे म्हणजे निम्मं पेट्रोल शिल्लक आहे ना?

बहुतेक बोटींत नाही. सेंडर पातळीची उंची मोजतो, लिटर मोजत नाही. टाकी चौकोनी डब्यासारखी असती तर उंची आणि लिटर जुळले असते. पण फायबरच्या बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि तळाखाली बसणारी टाकीही बऱ्याचदा त्याच आकाराची असते, वर रुंद आणि खाली निमुळती. अशा टाकीत वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा झरझर संपतो. काटा अर्ध्यावर येतो तेव्हा टाकीत तिसरा हिस्साच उरलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या तळाला टेकलेली नसते. तळाशी पाणी आणि गाळ साचतो म्हणून ती मुद्दाम थोडी वर ठेवतात. तिच्या खालचं पेट्रोल इंजिनाला मिळत नाही आणि लाटेत बोट डोलायला लागली की त्याआधीच नळीत हवा शिरते. म्हणून टाकीच्या क्षमतेतून दहा टक्के आधीच वजा करावेत. १०० लिटरची टाकी ९० लिटरची आहे असं समजूनच चाला.

मग टाकीत किती आहे हे खात्रीने कसं कळणार?

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे वही. पंपावर किती लिटर घेतले ते बिलावर असतं आणि त्या यंत्राची पडताळणी वजनमाप खातं करतं, त्यामुळे तो आकडा पक्का. इंजिन किती तास चाललं ते तासमीटर सांगतो. मीटर नसेल तर घड्याळ आहेच. भरलेले लिटर आणि चाललेले तास प्रत्येक फेरीनंतर लिहीत गेलात की हंगामाच्या मध्यापर्यंत तुमच्या बोटीची तासाची गरज तुम्हाला तोंडपाठ होते.

टाकीची एकदा मोजणी करून घ्या, हे काम मनापासून सुचवतो. टाकी पूर्ण रिकामी असताना, बोट पाण्यात सपाट उभी करून, दहा-दहा लिटर मोजून भरा आणि दर वेळी काटा कुठे आला ते लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून जो तक्ता तयार होतो तो फक्त तुमच्या बोटीचा असतो आणि जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. त्याची प्लॅस्टिक केलेली प्रत स्टिअरिंगजवळ चिकटवा. काटा पाव भागावर आला की प्रत्यक्षात किती लिटर उरतात हा त्यातला सर्वात कामाचा आकडा.

भरण्याची नळी सरळ टाकीत उतरत असेल तर लाकडी मोजकाठी वापरता येते. त्याच मोजणीच्या वेळी काठीवरही खुणा करून घ्याव्यात. पेट्रोलसाठी काठी लाकडाचीच हवी, धातूची नको. पुष्कळ बोटींत ही नळी वळणं घेत जाते, तिथे काठीचा उपयोग नाही.

बाहेर काढता येणाऱ्या १२ किंवा २५ लिटरच्या टाकीला तर याहून सोपा उपाय आहे: वजन. मासळी तोलायचा टांगता स्प्रिंगकाटा घ्या. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. रिकाम्या टाकीचं वजन एकदा टाकीवरच रंगाने लिहून ठेवा. वजा करा, पाऊणने भागा, लिटर मिळाले. टोपणावरच्या छोट्या काट्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

फ्लो मीटर बसवावा का? पैसे वसूल होतात का?

परवडत असेल तर जरूर बसवा. फ्लो मीटर टाकीकडे बघतच नाही. इंजिनाकडे जाणारं पेट्रोल मोजतो, त्यामुळे लाटा, टाकीचा आकार, चिकटलेला फ्लोट यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. नव्या इंजेक्शनच्या आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनात) वेगळा मीटरही लागत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतःच खर्च काढतो आणि योग्य केबल जोडली की आकडा स्क्रीनवर दिसतो.

दोन पथ्यं पाळावी लागतात. टाकी भरली की मीटरला ते सांगावं लागतं, विसरलात तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. आणि तो फक्त इंजिनात गेलेलं मोजतो. पाइप गळून पेट्रोल बोटीच्या तळात साचत असेल तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून काटा आणि फ्लो मीटर यांच्यात अचानक तफावत पडली तर आधी नाकाने वास घ्या, मग वायरी तपासा.

माझ्या इंजिनाला तासाला किती लागेल याचा काही ठोकताळा?

चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलवर असेल तर हॉर्सपॉवरला ०.३८ ने गुणा, तितके लिटर तासाला. ४० हॉर्सपॉवरला सुमारे १५ लिटर, ६० ला २३, ११५ ला ४४. हा अंदाज किंचित चढा आहे आणि तो तसाच असू द्यावा. जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकला याहून जास्त लागतं. डिझेल इंजिनाला पूर्ण भारावर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ०.२ लिटर धरा.

बोट उचलली जाऊन पाण्यावर सरसर धावत असेल आणि थ्रॉटल मध्यम असेल तर खर्च पूर्ण थ्रॉटलच्या निम्म्याच्या आसपास येतो. सगळ्यात उधळपट्टी होते ती मधल्या वेगाला, नाक हवेत आणि मागचा भाग पाण्यात रुतलेला असताना. एक तर सावकाश जा किंवा बोट नीट उचलली जाऊ द्या. मांडवीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि कालवं धरतात. तीही पेट्रोल खातात, आणि कागदावरचा कुठलाही ठोकताळा त्यांना मोजत नाही.

‘तीन हिश्श्यां’चा नियम काय आहे? गोव्यात तो लागू पडतो का?

वापरण्याजोग्या पेट्रोलचे तीन समान भाग करायचे: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि १०० लिटरची टाकी घ्या. वापरण्याजोगे ९० लिटर, म्हणजे प्रत्येक हिस्सा ३० लिटरचा. मध्यम वेगाला तासाला १२ लिटर लागत असतील तर अडीच तास दूर जाता येईल. पूर्ण थ्रॉटल दाबलात तर तेच ३० लिटर सव्वा तासाच्या थोडं पुढे संपतात. निघतानाच ही वेळ घड्याळात बघून ठेवायची आणि ती झाली की काटा काहीही दाखवो, बोट वळवायची.

आपल्याकडे हा नियम पाळण्याची खास कारणं आहेत. हंगामात सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारी पश्चिम-वायव्येकडून वारा उठतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तो चांगलाच जोर धरतो. शिकेरीहून किंवा कोको बीचवरून ग्रांद बेटाकडे सकाळी दक्षिणेला जाताना बोट अलगद जाते. दुपारी परतताना तोच वारा तोंडावर येतो, लाटा नाकावर आपटतात, आणि सकाळी जितकं पेट्रोल लागलं त्याहून बरंच जास्त लागतं. ‘जाताना पाव टाकी गेली, येताना पाव जाईल’ हा हिशोब इथे बुडतो.

दुसरं कारण ओहोटी. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचे उथळ पट्टे आहेत. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना वारा आत येत असेल तर तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. थकलेली माणसं, तळाला आलेली टाकी आणि डोलणारी बोट, अशा अवस्थेत तळाच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडण्याचा संभव नेमका याच जागी सर्वात जास्त. राखीव हिस्सा असतो तो या शेवटच्या टप्प्यासाठी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीचा जोर जास्त असतो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघूनच परतीची वेळ ठरवा.

नदीतल्या नदीत, कुंभारजुवे कालव्यातून किंवा साळ नदीत फिरणाऱ्यांनी इतकं कडक राहायची गरज नाही. पण तिथेही बार्ज आणि फेरीबोटींच्या वाटेत बंद इंजिन घेऊन तरंगणं सुखाचं नाही.

काटा एकाच जागी अडकला आहे. बिघाड काट्यात, वायरीत की टाकीत?

हे घरी शोधता येतं. एक मल्टिमीटर आणि तारेचा तुकडा पुरे. मात्र आधी बोटीच्या तळात पेट्रोलचा वास येत नाही ना ते बघा. येत असेल तर विजेच्या कुठल्याही कामाला हात लावू नका.

आधी तुमचा काटा कोणत्या पद्धतीचा आहे ते ओळखायला हवं. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम (रेझिस्टन्स मोजायचं एकक), अर्ध्याला १०० च्या आसपास आणि भरलेल्याला सुमारे ३३ ओहम असतात. युरोपी पद्धत उलटी: रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. काट्याच्या मागे किंवा खोक्यावर हे लिहिलेलं असतं.

काट्याच्या मागे तीन टोकं असतात: एक चावीकडून येणाऱ्या विजेचं, एक अर्थचं (बॅटरीच्या उणे टोकाकडे जाणारं), आणि एक सेंडरचं, ज्यावर बहुधा एस अक्षर असतं. अमेरिकी पद्धतीच्या वायरिंगमध्ये सेंडरची वायर गुलाबी असते. चावी चालू करा आणि एस वरची वायर काढा. अमेरिकी काटा रिकाम्याकडे पडायला हवा, युरोपी भरलेल्याकडे जायला हवा. आता तारेच्या तुकड्याने एस आणि अर्थ ही टोकं जोडा, काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. दोन्ही वेळा नीट हलला तर काटा शाबूत आहे. हललाच नाही तर आधी त्याला १२ व्होल्ट आणि चांगला अर्थ मिळतोय का ते मोजा. तेही ठीक असेल तर काटा बदला.

काटा ठीक निघाला तर टाकीकडे जा. सेंडरची वायर सोडवून त्याच्या टोकापासून अर्थपर्यंत ओहम मोजा. आकडा टाकीतल्या अंदाजाशी जुळला तर दोष मधल्या वायरीत. अनंत रेझिस्टन्स दिसला तर सेंडरची आतली तार तुटली आहे. बोट हलवूनही आकडा हलत नसेल तर फ्लोट चिकटला आहे.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक दोष निघतो तो अर्थच्या काळ्या वायरीचा. सेंडरवरचा स्क्रू सोडवून, सँडपेपरने चकाकी येईपर्यंत घासून पुन्हा आवळला की अनेक ‘मेलेले’ काटे जिवंत होतात. नवी वायर घालायचीच असेल तर कथील चढवलेली सागरी वायर घ्या आणि जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी वापरा. घरातल्या वायरिंगची उरलेली तार आणि काळी चिकटपट्टी बोटीत टिकत नाही.

यात एक धोका नीट लक्षात घ्यावा. जोड गंजून रेझिस्टन्स वाढला तर अमेरिकी काटा आहे त्यापेक्षा कमी पेट्रोल दाखवतो. युरोपी काटा मात्र आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि वायर तुटलीच तर थेट भरलेली टाकी. तुमच्या बोटीत युरोपी पद्धत असेल तर सतत भरलेल्यावर राहणाऱ्या काट्याचा संशय धरा.

नवा सेंडर बसवल्यापासून टाकी रिकामी होते तसा काटा चढतो. असं कसं?

सेंडर आणि काटा वेगवेगळ्या पद्धतींचे आहेत. अमेरिकी सेंडरला युरोपी काटा जोडला की नेमकं असंच होतं. गोव्यात जुन्या आयात बोटींवर हाताला येईल तो सुटा भाग बसवलेला असतो, त्यामुळे हा प्रकार दुर्मीळ नाही. दोन्हींपैकी एक बदलावाच लागेल. ‘उलटा वाचायची सवय करून घ्या’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुमची बोट एखाद दिवशी दुसरं कोणी चालवेल.

कोणता सेंडर घ्यावा?

हाताच्या, म्हणजे हलत्या दांडीच्या, टोकाला फ्लोट असलेला सेंडर स्वस्त, पण त्याचे हलते भाग झिजतात आणि फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा आतल्या आडपडद्याला घासू शकतो. उभ्या नळीवर सरकणारा फ्लोट आणि आत चुंबकी स्विच असलेला सेंडर जास्त टिकतो. स्टेनलेस स्टीलचा मिळाला तर उत्तमच. त्यात काटा सलग न सरकता टप्प्याटप्प्याने, साधारण दोन सेंटिमीटर पातळी उतरली की एकदम, हलतो. उथळ टाकीत हे टप्पे मोठे वाटतात, पण तो दोष नाही. घेताना टाकीची आतली खोली मोजून योग्य लांबीचाच घ्या.

कुठलाही घेतला तरी तो टाकीच्या मध्याजवळ बसला पाहिजे. तिथे बोट कलली तरी पातळी सर्वात कमी बदलते. सेंडरच्या पाच स्क्रूंची भोकं सारख्या अंतरावर नसतात. तो एकाच दिशेने बसतो, म्हणून जोर लावू नका, फिरवून बघा.

सेंडर मी स्वतः बदलू शकतो का?

हाताने कामं करणाऱ्याला अवघड नाही, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळात साचून राहते. रस्त्यावरच्या गाडीत ती वाऱ्याने निघून जाते, बोटीत जात नाही. टाकी अर्ध्याखाली आणा, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या, जवळपास विडी-सिगारेट किंवा मोबाइल चार्जर नको. सेंडरखालचा रबरी गॅस्केट दर वेळी नवा घाला, जुना पुन्हा वापरू नका. काम झाल्यावर टाकी काठोकाठ भरून गॅस्केटभोवती ओल दिसते का ते बघा आणि मगच बॅटरी जोडा. इंजिन बोटीच्या आत असेल तर चावी फिरवण्याआधी ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा.

हे वाचून मनात धाकधूक वाटत असेल तर मेकॅनिकला बोलवा.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने काटा बिघडतो का?

थोडा संबंध आहे. आता पंपांवर सर्रास ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या दमट हवेत बोटीची टाकी श्वासनळीतून (हवा ये-जा करण्यासाठीच्या नळीतून) ही हवा सतत आत घेत असते. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. फ्लोट त्या थरालाही धरूनच उंची दाखवतो, म्हणजे काटा सांगतो त्यातलं काही पेट्रोलच नसतं. जुन्या टाकीतले बुचाचे फ्लोट आणि रबरी भाग इथेनॉलने फुगतात किंवा मऊ पडतात. विद्युत धारितेवर (कपॅसिटन्सवर) चालणारे, फ्लोट नसलेले सेंडर असतील तर इथेनॉलमुळे त्यांचं वाचन बदलतं आणि मोजणी पुन्हा करावी लागते.

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने तासाला लागणारे लिटरही किंचित वाढतात. तुमच्या वहीतले आकडे जुन्या पेट्रोलचे असतील तर नव्याने मोजा. आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बाकी सगळं सोडून आधी तो बसवा.

पावसाळ्यात बोट बंद असते. ऑक्टोबरमध्ये काटा हमखास बिघडलेला सापडतो.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. आपल्या छोट्या बोटी तर सप्टेंबर उलटेपर्यंत ताडपत्रीखाली असतात. तेवढा काळ फ्लोट एकाच पातळीला उभा राहतो आणि सेंडरच्या तारेवर त्याच जागी थर धरतो किंवा हातच चिकटतो. बसवलेली टाकी जवळजवळ भरून, फुगण्यासाठी थोडी जागा सोडून ठेवली तर आत ओलसर हवेला वाव राहत नाही. पेट्रोल टिकवणारं रसायन सोबत घाला. बाहेर काढता येणारी टाकी मात्र रिकामी करून कोरडी ठेवा, ते पेट्रोल गाडीत वापरून टाका. मधूनच एखाद्या उघडिपीत बोट हाताने हलवली तरी फ्लोट सुटा राहतो. बॅटरी काढली असली तरी काट्याच्या मागच्या टोकांवर गंजरोधक स्प्रे मारून ठेवा.

काटा अर्धा दाखवतो, तरी इंजिन गुरगुरून बंद पडलं. पेट्रोल संपलं का?

कदाचित नाही. सुट्या टाकीच्या टोपणावर हवेचा स्क्रू असतो, तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिनाची उपासमार होते. टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपवरचा, हाताने दाबायचा रबरी बल्ब बघा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर हवा बंद आहे किंवा टाकीतली नळी चोंदली आहे. टोपण सैल करा, सूं आवाज आला तर कारण सापडलं. बल्ब दाबूनही कडक होत नसेल तर टाकी खरंच रिकामी आहे किंवा पाइपात कुठून तरी हवा शिरते आहे. बसवलेल्या टाकीची श्वासनळी बोटीच्या बाहेरच्या अंगाला उघडते, तिथे गांधीलमाशा मातीचं घर करतात. पावसाळ्यानंतर आधी तिथे बघावं.

भर समुद्रात पेट्रोल खरंच संपलं तर?

आधी नांगर टाका. इंजिन पुन्हा पुन्हा चालू करून बघत बसाल तोवर वारा आणि प्रवाह तुम्हाला वाळूच्या पट्ट्यावर किंवा खडकावर नेतील. पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडा. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा. मुरगाव बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेत असाल तर ते लगेच कळवा, कारण असं जहाज तुमच्यासाठी चटकन थांबू किंवा वळू शकत नाही.

व्हीएचएफ रेडिओ असेल तर १६ नंबरचा चॅनेल. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२. जीपीएसमधली जागा वाचून सांगा, ‘आग्वादच्या समोर’ एवढ्याने शोध घेणाऱ्यांना काही कळत नाही. किनाऱ्यावरच्या एका माणसाला निघताना परतीची वेळ सांगून ठेवलेली असेल तर अर्धं काम आधीच झालेलं असतं.

जादा पेट्रोल कॅनमध्ये नेलं तर चालेल ना?

जरूर न्या, पण पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे परवान्याशिवाय विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येतं, आणि तेही घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे प्लॅस्टिक कॅन नकोत. डबा किंवा सुटी टाकी भरताना ती बोटीतून किंवा गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. आणि हे पेट्रोल तीन हिश्श्यांच्या हिशोबात धरू नका. हलत्या बोटीत, पाण्याचे शिंतोडे उडत असताना कॅनमधून टाकीत पेट्रोल ओतणं किती कठीण असतं ते धक्क्यावर उभं राहून कळत नाही.

माझी बोट डिझेलची आहे. तिला हे सगळं लागू आहे का?

काटा, सेंडर आणि वायरीचं सगळं लागू आहे. फरक एवढाच की डिझेल संपू देणं जास्त महागात पडतं: पाइपांत हवा शिरते आणि ती एकेक नट सैल करून बाहेर काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. डिझेलच्या टाकीला बाहेरून पारदर्शक पातळीनळी बसवता येते, दोन्ही टोकांना बंद करता येणाऱ्या कॉकसह. यापेक्षा प्रामाणिक काटा नाही. पेट्रोलच्या टाकीला मात्र अशी नळी कधीही लावू नका. आपल्या उष्ण, दमट हवेत डिझेलमध्ये पाणी राहिलं की जंतूंचा काळा चिखल तयार होतो आणि तो फ्लोटला चिकटतो. त्यामुळे काटा अडकला तर फिल्टरही उघडून बघा.

भाड्याने बोट घेताना मालकाला काय विचारावं?

‘टाकी भरली आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी टाकी किती लिटरची, आज सकाळी किती लिटर घातले, आणि या इंजिनाला तासाला किती लागतात, हे तीन आकडे विचारा. रोज बोट चालवणारा तांडेल ते विचार न करता सांगतो. काट्याकडे बोट दाखवून विषय संपवणाऱ्याला टाकीचं टोपण उघडून दाखवायला सांगा, आणि तो टाळाटाळ करायला लागला तर शेजारच्या बोटीकडे वळा.